दारफाळणीचा सण

२०२५ साली विजयादशमी २ ऑक्टोबरला आली. त्या नवरात्रात वाशी येथील एका मंडळाच्या कीर्तनमालेनिमित्त आमचा तेथे मुक्काम होता. दुसऱ्या दिवशी, म्हणजे एकादशीस, सायंकाळी कीर्तनापूर्वी एक वयस्क गृहिणी भेटीस आल्या. नमस्कार करून म्हणाल्या, "बुवा, एक शंका आहे. आमच्या मजल्यावर एक इस्रायली कुटुंब राहते. कित्येक वर्षांचा शेजार आहे. काल सोने द्यावयास गेले तर दाराला कुलूप. रात्री सारी मंडळी पांढऱ्या वस्त्रांत ठाण्याहून परतली. त्यांच्या आजी म्हणाल्या, आज आमचा दारफाळणीचा सण, काल संध्याकाळपासून पाण्याचा थेंबही घेतलेला नाही. दसऱ्याच्या दिवशी असला कडकडीत उपास! हा सण तरी कसला? आणि परक्या धर्माच्या सणाला नाव इतके आपल्या बोलीतले कसे?"

त्या दिवशी घाईत चार वाक्यांत उत्तर दिले. परंतु ती शंका मनातून गेली नाही. या पानाच्या सुज्ञ वाचकांपैकी अनेकांच्या शेजारी, विशेषतः ठाणे, वाशी, पनवेल, पेण, अलिबाग या पट्ट्यात, अशी एखादी आजी असेल किंवा कधी काळी असेल. म्हणून ते उत्तर येथे विस्ताराने देत आहोत.

प्रथम तिथीचे. यहुद्यांचे पंचांग आपल्याप्रमाणेच चांद्र-सौर आहे. महिना चंद्रावर चालतो आणि ऋतूंशी मेळ राखण्यासाठी मध्ये अधिक मास घातला जातो, एकोणीस वर्षांत सात. त्यांच्या तिश्री महिन्याचा आरंभ आणि आपली घटस्थापना त्यामुळे अनेक वर्षी लागोपाठ येतात. मग त्यांची दशमी आणि आपली दशमी एकत्र येते. २०२५ मध्ये हाच योग होता. २०२६ मध्ये आपल्याकडे अधिक ज्येष्ठ असल्यामुळे तो जुळत नाही. त्यांचा उपास भाद्रपदात, गणपतीच्या दिवसांत पडतो. इब्री भाषेत या दिवसाला योम किप्पुर, प्रायश्चित्ताचा दिवस म्हणतात. दिवस मावळताना स्वर्गाचे दार मिटू लागते, तेव्हा शेवटची प्रार्थना होते. कोकणातील इस्रायली या दिवशी घराची दारे लावून उपवास करीत. म्हणून दारफाळणी.

आता नावाचे. आपल्या मराठी यहुद्यांचा समाज स्वतःस 'बेने इस्राएल' म्हणवितो. त्यांची परंपरा सांगते की, फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. समुद्राने प्रेते किनाऱ्यावर टाकली, ती तेथेच पुरली. नवगावास आज स्मारक आहे. जे वाचले त्यांच्यापाशी ग्रंथ उरला नाही, पुरोहित उरला नाही आणि पुढील पिढ्यांना इब्री भाषाही राहिली नाही. त्यांनी तेलाचे घाणे घातले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवू लागले, म्हणून गावाने त्यांस 'शनिवार तेली' हे नाव दिले. पेणकर, दिवेकर, किहीमकर, अष्टमकर, रोहेकर ही त्यांची आडनावे कुलाब्याच्या नकाशावरून उतरवून घ्यावीत अशी आहेत.

वाचकहो, क्षणभर येथे थांबावे. आम्हां कीर्तनकारांचे सारे वैभव ग्रंथांवर उभे आहे. पोथी आहे, गुरू आहे, मठ आहे, मंदिर आहे. यातील एकही नसताना धर्म कसा टिकेल, याचा विचार आपण कधी केला आहे काय? या मूठभर लोकांपाशी 'शेमा' हे एक प्रार्थनावचन होते, शनिवारची विश्रांती होती, पुत्राची सुंता होती, खवले व पंख असलेलेच मासे खाण्याचा नियम होता आणि काही सण होते. सणांची इब्री नावे विसरली गेली, तेव्हा त्यांनी मराठी नावे दिली. नव्याचा सण, खिरीचा सण, होळीचा सण, दारफाळणीचा सण, शिळा सण, बिरड्याचा रोजा. ही नावे हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी आपल्या समाजाच्या इतिहासात नोंदवून ठेवली आहेत. तो ग्रंथ त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिला आणि तो १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला.

यांतील दोन नावांवर आमचे मन विशेष जडले आहे. पहिले, 'अनाशी ढाकण्याचा सण'. मिसर देशातील दास्यातून यहुदी सुटले, तेव्हा पीठ आंबण्याइतकीही उसंत मिळाली नाही, म्हणून त्या आठवड्यात आंबवलेले काही खावयाचे नाही, अशी ही पेसाहची आज्ञा. कोकणात तांदळाच्या भाकरीला आंबवण लागतच नाही. घरात आंबट असे काय, तर तोंडीलावण्यासाठी ठेवलेल्या आंबट पाण्याचे भांडे, तेच अनास. ते झाकून ठेवावयाचे, एवढेच त्यांच्या स्मरणात राहिले. मिसर विसरले, फारो विसरला, समुद्र दुभंगल्याची कथा विसरली. वर्षातून एकदा आजी एका भांड्यावर झाकण ठेवी आणि सून ते पाहून शिके. दुसरे, 'बिरड्याचा रोजा'. जेरुसलेमचे मंदिर भंगल्याच्या शोकाचा हा उपास श्रावणाच्या मागेपुढे येतो. त्या दिवशी मोड आलेल्या वालांचे बिरडे खावयाचे. कोकणस्थ वाचकांना बिरड्याची गोडी सांगणे नलगे. पण दोन हजार वर्षांपूर्वी भंगलेल्या मंदिराचे दुःख कोणी वालाच्या सालीबरोबर जपले असेल, हे आम्हांस तरी ठाऊक नव्हते.

अशा लोकांना 'इस्राएल' हे नाव किती यथार्थ आहे, हे त्या नावाची कथा कळल्यावाचून ध्यानात येत नाही. ती कथा अशी.

याकोब हा इसहाकाचा धाकटा पुत्र. थोरला एसाव. पिता वृद्धपणी अंध झाला होता. थोरल्यास द्यावयाचा आशीर्वाद मिळविण्यासाठी याकोब भावाची वस्त्रे लेवून पित्यापुढे गेला. पित्याने विचारले, तू कोण? याकोबाने भावाचे नाव सांगितले आणि आशीर्वाद घेतला. मग भावाच्या भयाने पळाला. वीस वर्षे परदेशी राबला, फसवला गेला, संसार झाला, धन झाले. शेवटी स्वदेशी परत निघाला. वाटेत कळले की, एसाव चारशे माणसे घेऊन सामोरा येत आहे. त्या रात्री याकोबाने बायकामुले, गुरेढोरे याब्बोक नावाच्या ओढ्यापलीकडे धाडली आणि आपण एकटाच मागे राहिला. अंधारात कोणी एक पुरुष त्याच्याशी झोंबू लागला. रात्रभर झुंज चालली. तो पुरुष त्यास जिंकू शकला नाही. पण त्याने याकोबाच्या जांघेस स्पर्श केला आणि सांधा निखळला. पहाट झाली. "मला सोड," तो म्हणाला. याकोब म्हणाला, आशीर्वाद दिल्यावाचून सोडणार नाही. तेव्हा त्या पुरुषाने विचारले, तुझे नाव काय?

हा तोच प्रश्न, जो अंध पित्याने विचारला होता. या वेळी मात्र याकोबाने स्वतःचे नाव सांगितले. मग त्यास नवे नाव मिळाले: इस्राएल, म्हणजे देवाशी झुंजणारा. सूर्य उगवला तेव्हा तो लंगडत चालला होता.

ही कथा प्रथम वाचली तेव्हा आम्हांस भारवीच्या किरातार्जुनीयाचे स्मरण झाल्यावाचून राहिले नाही. वनपर्वातील तो प्रसंग वाचकांच्या परिचयाचा आहे. इंद्रकील पर्वतावर तप करणारा अर्जुन, धावून येणारा वराह, दोघांचे दोन बाण आणि शिकार कोणाची यावरून किराताशी जुंपलेले युद्ध. बाण सरले, धनुष्य गेले, खड्ग गेले, शेवटी बाहुयुद्ध. महाभारतात अर्जुन हतबल होऊन मातीचे शिवलिंग करतो, त्यास माळ वाहतो आणि पाहतो तो ती माळ किराताच्या मस्तकावर! भारवी आपल्या अठराव्या सर्गात हे निराळ्या रीतीने रंगवितो. शंकर वर उडी घेतात आणि अर्जुन खाली पाडण्यासाठी त्यांचे पाय धरतो. धरले शत्रूचे पाय म्हणून, निघाले देवाचे चरण. दोन्ही कथांत देव अनोळखी वेषात येतो, दोन्हींत तो भक्ताशी झोंबतो आणि दोन्हींत भक्त हात सोडीत नाही, म्हणूनच प्रसाद मिळतो.

पण एक भेदही आहे आणि तो झाकून ठेवू नये. अर्जुन पाशुपतास्त्र घेऊन अक्षत परततो. याकोबास अस्त्र मिळत नाही. नाव मिळते आणि पाय अधू होतो. धर्मनिष्ठ यहुदी आजही पशूच्या जांघेतील ती शीर खात नाहीत, त्या लंगडण्याची आठवण म्हणून. आमच्या कीर्तनांत भक्ताचे संकट उत्तररंगाच्या अखेरीस बहुधा निःशेष निवारले जाते. अबीर-बुक्का लावून श्रोता समाधानाने घरी जातो. ज्याच्या घरचे संकट तसेच उभे असते, तो श्रोता काय घेऊन जात असेल, हे आम्ही फारसे विचारीत नाही. त्यास याकोबाचे लंगडणे अधिक ओळखीचे वाटेल.

दारफाळणीच्या दिवशी दुपारच्या प्रार्थनेत योनाची गोष्ट वाचतात. वर्षातील सर्वांत पवित्र दिवशी वाचावयास निवडली गोष्ट कोणाची, तर देवाची आज्ञा टाळून पळालेल्या माणसाची! निनवे नगरीस जाऊन तिला पापाबद्दल सावध कर, अशी योनास आज्ञा झाली. तो उलट दिशेच्या गलबतात बसला. वादळ, समुद्र, मत्स्याच्या पोटात तीन दिवस, तेथील धावा, पुन्हा तीच आज्ञा. शेवटी तो गेला. नगरी पश्चात्ताप पावली, देवाने क्षमा केली आणि योना रुष्ट झाला. आपले भविष्य खोटे ठरले म्हणून रुसलेला हा संदेष्टा उन्हात बसला. देवाने एक वेल उगवून त्यास सावली दिली आणि दुसऱ्या दिवशी किडा लावून ती वाळवली. योना वेलीसाठी हळहळला. तेव्हा देव विचारतो की, तू न लावलेल्या वेलीची तुला एवढी कणव, मग या नगरीतील एक लाख वीस हजारांहून अधिक जीवांची मला नसावी? गोष्ट या प्रश्नावरच थांबते. योनाचे उत्तर ग्रंथात नाही. ते ऐकणाऱ्याने द्यावयाचे असते, पोटात अन्न नसताना.

याच दिवसाचा आणखी एक नियम आमच्या वाचकांनी अवश्य जाणावा. देवाचे जे अपराध केले त्यांची क्षमा या दिवशी देवापाशी मागता येते. माणसाचा जो अपराध केला त्याची क्षमा मात्र उपासाने होत नाही. त्या माणसाच्या दारी आधी जावे लागते. म्हणून दारफाळणीपूर्वीच्या दिवसांत लोक एकमेकांकडे जातात, दुखावलेल्यांची क्षमा मागतात. पर्युषणाच्या अखेरीस आपले जैन बांधव हेच करतात. आपण वैदिक मंडळी प्रायश्चित्तात दाने सांगतो, जप सांगतो, स्नाने सांगतो. ज्याचे मन दुखावले त्याचा उंबरा चढण्यास सांगतो काय? शास्त्रात आधार नाही असे नाही. आम्ही पुराणिक ते सांगण्यास कचरतो इतकेच.

आणि या सगळ्यात एकेका माणसाचे मोल काय? नव्याच्या सणाविषयी यहुदी आचार्य सांगतात की, त्या दिवशी सर्व जीव देवापुढून एकेक करून जातात, जशी कोंडातून बाहेर पडणारी मेंढरे चिंचोळ्या वाटेवर मोजली जातात. कळप मोजायचा असला, तरी नजर प्रत्येकावर पडते. मिश्ना या त्यांच्या प्राचीन स्मृतिग्रंथात देहान्ताच्या खटल्यातील साक्षीदारांस सावध करण्याचा प्रसंग आहे. तेथे सांगितले आहे की, आरंभी मनुष्य एकच निर्माण केला तो एवढ्यासाठी की, एकाचा जीव घेणे म्हणजे एक अखिल जग बुडविणे आणि एकाचा वाचविणे म्हणजे एक जग तारणे, हे सर्वांस कळावे. शिवाय माझा बाप तुझ्या बापाहून थोर, असे कोणी म्हणू नये. पुढे दाखला टांकसाळीचा. माणूस एका ठशावर अनेक नाणी पाडतो, ती सारी सारखी निघतात. देव आदिमानवाच्या एकाच ठशावर सर्वांस घडवितो आणि एकही दुसऱ्यासारखा निघत नाही. धर्मशास्त्राच्या पुस्तकात, न्यायालयाच्या कामकाजामध्ये, ही उपमा यावी याचे आम्हांस फार कौतुक वाटते.

कोणी म्हणेल, कथा उत्तम, पण ती लांबच्या देशाची. तर आता आपल्याच मराठी माणसांचे ऐकावे.

मुंबईत मांडवीजवळ सॅम्युएल स्ट्रीटवर १७९६ साली बांधलेले एक प्रार्थनामंदिर आहे. बांधणारा सामाजी हसाजी दिवेकर, कंपनीच्या फौजेतील बेने इस्राएल अंमलदार. तो टिपूच्या कैदेत सापडला होता. सुटका झाल्यास देवाचे मंदिर बांधीन असा त्याने नवस केला आणि सुटून आल्यावर फेडला, असे परंपरा सांगते. पुढे रेवदंडा, पनवेल, अलिबाग, पेण, ठाणे येथे मंदिरे झाली. ठाण्याचे 'शआर हाशामाईम' १८७९ चे. नावाचा अर्थ स्वर्गद्वार. वाशीच्या त्या आजी दसऱ्याच्या दिवशी जेथे बसल्या होत्या, ते हेच. हरवलेली इब्री भाषा या लोकांनी एकोणिसाव्या शतकात पुन्हा शिकून घेतली. पेसाहच्या रात्री वाचावयाची पोथी मराठी अर्थासह १८४६ मध्ये मुंबईस छापली गेली आणि १८७४ मध्ये पुण्यास. पुण्याची पोथी छापली कोणी, तर विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्याने! त्यातील चित्रात बिनआंबवणाची रोटी भाजणाऱ्या बाया आपल्याकडील वेषात आहेत.

आमच्या व्यवसायाचा अभिमान वाटावा अशी गोष्ट पुढेच आहे. १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर आदी मंडळींनी मुंबईत आपल्या समाजासाठी मराठी कीर्तने सुरू केली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने. साकी, दिंडी, ओवी ही आपलीच वृत्ते. झांज आणि पेटी. ज्या स्त्रियांस इब्री प्रार्थना कळत नव्हती, त्यांस आपल्या पूर्वजांची कथा प्रथम कीर्तनातून कळली. नारदाची गादी एवढी लांब पसरली आहे, हे गुरुगृही आम्हांस कोणी सांगितले नव्हते.

आणि मग १९४८ नंतर यातील बहुसंख्य लोक नव्या इस्राएल देशात गेले. दोन सहस्र वर्षे प्रार्थनेत ज्या भूमीचे नाव घेतले, तेथे. काहींना तेथे काळा वर्ण आणि मराठी उच्चार यांपायी अपमान सोसावा लागला. १९५१-५२ मध्ये काही कुटुंबे धरणे धरून भारतात परत आली. १९६१ पासून अधिक जिव्हारी लागणारी गोष्ट घडली. तेथील काही धर्माधिकाऱ्यांनी त्यांचे विवाह लावण्यास नकार दिला. ग्रंथावाचून राहिलेल्या शतकांत यांच्या पूर्वजांनी घटस्फोट आणि पुनर्विवाह शास्त्रोक्त केले असतील कशावरून, ही शंका. १९६२ मध्ये मुख्य धर्मपीठाने त्यांची कुळे मागे मागे तपासण्याचा निर्देश काढला. ज्यांच्या आजीने ग्रंथ नसताना भांड्यावर झाकण ठेवून धर्म जपला, त्यांना ग्रंथ असलेल्यांनी विचारले, तुम्ही यहुदी कशावरून?

त्यांनी धर्म सोडला नाही आणि हातही सोडला नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमात त्यांनी ठिय्या दिला. बाया, मुले, वृद्ध रस्त्यावर बसले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी तेथील संसदेने ठराव केला की, बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत आणि त्यांचे हक्क इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहेत. धर्मपीठाला निर्देशातून त्यांच्या समाजाचे नाव काढून टाकावे लागले. आशीर्वाद दिल्यावाचून सोडणार नाही, हे याकोबाचे वचन त्यांना मुखोद्गत होते. ते त्यांनी आपल्याच धर्माधिकाऱ्यांना ऐकविले.

पंढरपुरात वाढलेल्या माणसाने ही हकीकत दुसऱ्याच्या धर्मावर बोट ठेवण्यासाठी सांगू नये. महाद्वारी नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. जन्मभर ज्यांस आत येऊ दिले नाही, त्यांची जागा मरणानंतरही दाराबाहेरच. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी दहा दिवस उपाशी राहिले, तेव्हा ते दार सर्वांस उघडण्याचे ठरले. आमच्या वडिलांच्या पिढीतील अनेक विद्वान त्या वेळी शास्त्रवचने हाती घेऊन दाराच्या आतल्या बाजूस उभे होते. बालपणी त्यांतल्या काहींच्या पायांशी बसून आम्ही अमरकोश पाठ केला. त्यांच्या विद्येचे ऋण आहे आणि त्या दाराचीही लाज आहे. दोन्ही एकाच गाठोड्यात बांधलेली आहेत.

आता भारतात या समाजाचे थोडेच लोक उरले आहेत. २०११ च्या जनगणनेत देशभरात यहुद्यांची संख्या पाच हजारांच्या आत होती आणि त्यांतील निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. २०१६ मध्ये राज्य शासनाने त्यांस अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. इस्राएलमध्ये गेलेल्यांनी तेथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले. अलिबागजवळ खंडाळे येथे एलियाहू संदेष्ट्याच्या रथाची खूण म्हणून दाखविली जाणारी शिळा आहे. परदेशी गेलेली मुलेबाळे सुटीत येऊन तेथे नवस फेडतात आणि पोहे, नारळ, साखर व फळे यांचा मलिदा वाटतात.

वाशीच्या त्या बाईंना आम्ही त्या सायंकाळी एवढेच म्हणालो होतो की, दारफाळणीच्या दुसऱ्या दिवसाला त्यांच्यात शिळा सण म्हणतात. त्या दिवशी दानधर्म करतात, एकमेकांच्या घरी जातात. आपट्याची पाने एका दिवसाने शिळी होत नाहीत. त्या हसल्या. कीर्तनाला मात्र थांबल्या नाहीत. पदराखाली पाने घेऊन तशाच घरी परत गेल्या. त्या दिवशी पूर्वरंगात आम्ही योजलेला विषय बाजूस ठेवला आणि किरातार्जुनाचे आख्यान लावले.